सात दिवसांची मंडई: नाटक, दंडार, खडी गंमत कोणत्या रात्री लावायची? जागा, आवाज, तिकीट

बांधीवरचा (तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

जय गुरू मंडळी. यंदा मंडई (दिवाळीनंतरची गावची जत्रा) एका दिवसाची न करता भाऊबीजेनंतर सात दिवसांची करायची असं गावानं ठरवलं आहे. वस्ती अडीच हजार. पाच-सहा किलोमीटरच्या आत आठ गावं, त्यातल्या तिघांचा रस्ता जंगलातून. पोरं म्हणतात, वडशावरून सात नाटक कंपन्या आणू, सातही रात्री नाटक लावू. म्हाताऱ्यांना दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) आणि खडी गंमत (उभ्यानं रंगणारी शाहिरी) पाहिजे. कोणी म्हणते शंकरपटही (बैलजोड्यांची शर्यत) त्यातच घ्या. जागा शाळेमागची एक बांधी (धानाचं शेत), ६० फूट रुंद, १५० फूट लांब, जमीन मोरांड (मध्यम पोताची). हलका (लवकर निघणारा) धान असल्यामुळे दिवाळीपर्यंत रिकामी होईल.

कोणत्या दिवशी काय ठेवायचं, मंच केवढा, आवाजाच्या वेळेचं काय करायचं आणि तिकिटात घोळ कसा टाळायचा, एवढं सांगा. मंडई म्हणजे काय हे सांगू नका, ते माहीत आहे.

पडद्यामागे

सात रात्री नाटक लावू नका. पैसे असले तरी लावू नका. पाहणारा माणूस तोच आहे. रात्री दहाला बसून पहाटे उठणारा दुसऱ्या दिवशी भारी (उशिरा निघणाऱ्या) धानाच्या कापणीला जाणार. अशी दोन जागरणं होतात, तिसरं होत नाही. तिसऱ्या रात्री मंडप अर्धा आणि पाचव्या रात्री कंपनीची माणसं जास्त, प्रेक्षक कमी. दोनच नाटकं लावा, मध्ये निदान तीन रात्रींचं अंतर ठेवून. दुसरी आणि सहावी रात्र बरी. सहाव्या दिवशीच मुख्य मंडई भरवा, म्हणजे पाहुणे आधीच गावात असतात, त्यांना नाटकासाठी वेगळं बोलवावं लागत नाही.

बयाणा (आगाऊ रक्कम) देण्याआधी आठही गावांच्या मंडईच्या तारखा एका कागदावर आणा. ठरलेल्या दिवशी भरणारी मंडई कोणी तुमच्यासाठी हलवत नाही, तुम्हीच हलायचं. दहा किलोमीटरच्या आत त्याच रात्री दुसरं नाटक असेल तर दोन्ही मंडप अर्धे राहतात.

वडशाला, म्हणजे देसाईगंजला, दिवाळीच्या बऱ्याच आधी जा. भाऊबीजेनंतरचे पंधरा दिवस सगळ्यांनाच पाहिजे असतात. बयाण्याच्या कागदावर नुसतं नाटकाचं नाव आणि रक्कम लिहून परत येऊ नका. नायक, नायिका, खलनायक आणि विनोदी नट कोण येणार त्यांची नावं, लावण्या किती, वादक किती, पडदे-लाईट-साऊंड कंपनीचं की तुमचं, गाडी गावात किती वाजता लागणार, मुख्य नट आजारी पडला तर काय, पाऊस आला तर तारीख पुढे की बयाणा बुडाला, हे सगळं लिहून घ्या. आपल्याकडे लोक नाटकाच्या नावापेक्षा विनोदी नट कोण हे आधी विचारतात. विनोदी नट परशुराम खुण्यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती काही उगाच नाही. पत्रकावर एक नाव आणि मंचावर दुसरा माणूस, असं झालं की खुर्च्या पहिल्या अंकातच उडतात, आणि तोंड मंडळाला द्यावं लागतं, कंपनीला नाही.

कलाकारांसाठी दोन खोल्या, बाईमाणसांची वेगळी, आतून कडी लागणारी. आरसा, दोन दिवे, जवळच संडास. जेवण तीस-पस्तीस जणांचं, आणि ते प्रयोगाच्या दोन तास आधी पानावर पडलं पाहिजे. भरल्या पोटी गाता येत नाही. उशिरा वाढलं की घंटा उशिरा होते, एवढं साधं गणित आहे. मध्यंतराला चहा कंपनीला आठवण न करून देता पोचला पाहिजे.

मुरूममाती

जागेचं सांगतो. १५० फुटांतून मागे गाडी लावायला आणि कपडेपटाला १६ सोडा, मंच २४ खोल, वादकांना मंचासमोर १०. बसायला १०० फूट उरतात. ६० गुणिले १०० म्हणजे ६००० चौरस फूट. मधली वाट, खुर्च्यांची जागा आणि मुलांची ये-जा धरून माणशी सहा चौरस फूट मोजा, हजार माणूस आरामात बसतं. बाराशे दाटीवाटीनं. दीड हजार तिकिटं छापू नका.

सपाट जागेवर मागच्याला पुढच्याचं डोकंच दिसतं. म्हणून बांधी मागून पुढे उतरती करून घ्या: मागे शून्य, मंचाकडे दीड फूट. सरासरी पाऊण फूट खोदकाम, म्हणजे ४५०० घनफूट, ४५ ब्रास. एका जेसीबीचं दिवसभराचं काम. पण आधी वरची चार इंच काळी माती, साधारण २० ब्रास, वेगळ्या ढिगात काढून ठेवा. ती मंचात घालू नका! मंच खालच्या मातीचा. ३० फूट रुंद, २४ फूट खोल, जुन्या जमिनीपासून २ फूट उंच धरला तर १४४० घनफूट भरणा, दाबून बसल्यावर कमी होतो म्हणून १६ ब्रास लागते. उरलेली ८-९ ब्रास मागच्या चढावाला आणि कडेच्या मेरांना (बांधांना) पुरते. पुढच्या माणसाला मंच साडेतीन फूट उंच दिसतो, तो बरोबर आहे. चार फुटांच्या वर नेला तर पुढच्या तीन रांगांच्या माना दुखतात आणि पायही दिसत नाहीत. लावणीत पाय दिसले नाहीत तर काय पाहायचं?

भरणा एकदम टाकू नका. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी शिंपडून ट्रॅक्टर फिरवा. पुढच्या कडेला बांबूचे तट्टे आणि मागे रेतीच्या बोऱ्या लावा, नाही तर पहिल्याच रात्री कड ढासळते. वर शेणाचा सडा दोनदा, मग जाजम. जाजम खुंट्यांनी ताणून ठोका, सैल जाजमात घुंगरू अडकतं. मोरांड आहे तर काम नीट होईल. कन्हार (काळी चिकण माती) असती तर नको म्हटलं असतं, वाळली की भेगा पडतात आणि ओली झाली की बुटाला चिकटते.

अवकाळी पाऊस आला तर सगळं पाणी मंचापुढच्या खोल भागात, म्हणजे वादकांच्या मांडीखाली जमतं. तिथून आडवी नाली काढून धुऱ्यातून (बांधातून) खालच्या बांधीत सोडा. नाली पहिल्याच दिवशी काढा, ढग आल्यावर नाही.

मंडपाच्या ५० फुटांच्या आत धानाचे पुंजणे (ढीग) किंवा तणसीची (पेंढ्याची) गंजी ठेवू नका. बसायला तणस पसरवायची सवय आहे, ती यंदा मोडा. थंडीत कोणी तरी बिडी पेटवतोच. सतरंज्या किंवा ताडपत्री घाला, घरून गोधडी आणा म्हणा. शेकोट्या मंडपाबाहेर, दोनच, आणि प्रत्येकीपाशी एक माणूस व पाण्याचा ड्रम.

बांधीवरचा

४५ ब्रासचा हिशोब आजच बांधीमालकाला दाखवतो. आवाजाचं सांगा. शाळेच्या मागेच आहे, त्यानं काही अडतं का?

भोंगा नको

अडू शकतं. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून धरलं जाऊ शकतं. आधी ठाण्यात विचारा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.

मोठी अडचण वेळेची आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी काढतात. तुमची दुसरी आणि सहावी रात्र त्या यादीत आहे का ते तारीख ठरवण्याआधी पाहा, नंतर नाही. "सप्पा (सगळ्या) गावात पहाटेपर्यंत चालते, आपल्याच गावात काऊन नाही" असं म्हणून मंडप उभारू नका. तक्रार एकच पुरते आणि ती बहुतेक गावातलाच करतो. नियम फक्त भोंग्याला नाही, रात्री उघड्यावर वाजणाऱ्या ढोलकी-तबल्यालाही लागतो.

म्हणून सात दिवसांची मांडणीच वेळेवर करा. खडी गंमत आणि दंडार दिवसाच्या ठेवा, मंडईत तशाही त्या उन्हातच रंगतात. शाहीर, ढोलकी, चोनकं (वाद्य), नाच्या आणि भोवती गोल उभी माणसं. खडी गंमतीला मंच लागत नाही, एक झाड आणि झाडलेली जागा पुरते. तिला मंचावर चढवून पाच माईक लावले की शाहिराची आणि लोकांची प्रश्नोत्तरं मरतात. दुपारी दोनला सुरू करा, दिवेलागणीला थांबवा. सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन संध्याकाळी साडेसहाला, दोन तासांत आटोपतं. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन सकाळी. रात्रीच्या परवानग्या फक्त दोन नाटकांवर खर्च करा.

आता साऊंड. टांगते माईक मंचाच्या पुढच्या कडेवर तीन, एकमेकांपासून सात-आठ फूट, मंचाच्या जमिनीपासून सात ते साडेसात फूट वर. त्याहून खाली आले तर फेट्याला लागतात, वर गेले तर नट ओरडतो आणि ऑपरेटर आवाज वाढवतो, मग शिटी सुटते. शिटीचं कारण बहुतेक वेळा एकच: स्पीकर माईकच्या मागे किंवा बरोबरीनं ठेवलेले असतात. मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, वादकांच्या रांगेत, दोन्ही कडांना आणि तोंड प्रेक्षकांकडे किंचित खाली. आणि ज्या माईकखाली कोणी नाही तो बंद ठेवा. उघडे माईक दुप्पट झाले की शिटी सुटायच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनं कमी होतो. मातीच्या मंचाचा इथे फायदा आहे, फळ्यांचा मंच असला तर प्रत्येक पाऊल माईकमधून धपधप ऐकू येतं.

मंडपाच्या मध्यावर दोन छोटे बॉक्स लावा, भोंगे नको. भोंगा दोन किलोमीटरवरच्या गावाला ऐकू येतो आणि मंडपात मागे बसलेल्या म्हातारीला शब्द कळत नाही. मधले बॉक्स मुख्य स्पीकरपासून ६० फुटांवर असतील तर मिक्सरवर त्यांना ५३ मिलिसेकंद उशीर द्या. आवाज सेकंदाला सव्वा अकराशे फूट जातो, त्यामुळे उशीर दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. लोक म्हणतात "आवाज घुमते", खरं तर तो दोनदा येत असतो.

वीज: महावितरणची तात्पुरती जोडणी रीतसर घ्या, तारेवर आकडे टाकू नका. हॅलोजन चार हजार वॅट, एलईडी पार दिवे सातशे, साऊंड पाच हजार, मंडप आणि दुकानं तीन हजार धरले तर पावणेतेरा किलोवॅट होतात. जनरेटर २५ केव्हीएचा, अर्ध्या-पाऊण भारावर ताशी साधारण चार-पाच लिटर डिझेल पितो. सगळ्यात जास्त मशीन कशानं जळतात सांगू? न्यूट्रल ढिला राहिल्यानं. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला की एका फेजवर व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्यावर ४०० च्या जवळ जातं, ऍम्प्लिफायर आणि दुकानाच्या सगळ्या बल्बांचा एकदम निकाल. न्यूट्रलचा स्क्रू नाटकाआधी हातानं ताणून बघायचा, पण मेन बंद करून. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी खोल ठोका. आणि दव! डिसेंबरच्या जवळ मध्यरात्रीनंतर मिक्सर भिजतो. वरून प्लास्टिक नको, आतून घाम येतो. जाड कापड आणि वर छप्पर द्या.

रानवाट

वरच्या मताला एक मोठी अडचण आहे ती कोणी बोललं नाही. आपल्याकडे नाटक पहाटेपर्यंत चालण्याचं कारण कलाकारांची हौस नाही. जंगलातून आलेला माणूस मध्यरात्री परत जाऊ शकत नाही, म्हणून नाटकच उजाडेपर्यंत ताणलं जातं. तुम्ही नियमानं बाराला पडदा पाडला तर तीन गावांची माणसं बारा वाजता बायका-पोरांसह रानवाटेवर सोडली. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ-माणूस संघर्ष किती आहे ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा बाराला बंद करायचं असेल तर तोडगाही त्याच रात्रीचा पाहिजे. पहिला: पडदा पडल्यावर दिवे चालू, आवाज बंद, मंडप उघडा ठेवा. शेकोटी, चहा, सतरंज्या, बायांसाठी वेगळा कोपरा आणि उजेडातला संडास. लोक उजाडेपर्यंत तिथेच झोपतील आणि सात वाजता निघतील. दुसरा: एसटी आगाराला पंधरा दिवस आधी पत्र देऊन जादा गाडी मागा, नाही मिळाली तर खासगी बस सांगा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं भरू नका. नियमात बसत नाही, आणि पाटाच्या वळणावर ती उलटते तेव्हा कोणी उडी मारू शकत नाही. पायी किंवा सायकलनं जाणाऱ्यांना पत्रकावरच लिहा: एकटं जाऊ नये, गटानं, टॉर्चसह, मोठ्यानं बोलत. वनरक्षकाला दोन्ही तारखा लेखी कळवा. त्या वाटेवर नुकताच वावर दिसला असेल तर तो सांगतो, मग त्या दिवशी त्या गावाला गाडीच पाठवायची.

उरलेलं मांस किंवा शिळं जेवण मंडपामागे टाकू नका. कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. महाप्रसादाच्या पत्रावळ्या त्याच संध्याकाळी खड्ड्यात पुरा.

पडद्यामागे

रानवाट यांचं बरोबर आहे. त्यात एक भर. बाराला संपवायचं असेल तर कंपनीला बयाण्यावेळीच सांगा, "चार तासांचा प्रयोग पाहिजे, घंटा पावणेआठला". आयत्या वेळी सांगितलं तर ते मधल्या लावण्या सोडून नाटकाचा दुसरा अंक कापतात आणि कोणाचाच राग शमत नाही. आदल्या रात्री कंपनीचा खेळ लांब असेल तर ती आठला पोचतच नाही. म्हणून आदल्या रात्री ते कुठे आहेत हेही विचारा. तिकडून तीन तासांपेक्षा लांब असेल तर ती तारीख सोडा.

आणि नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर आहे का, प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवा. गावातल्या पोरांचं हौशी नाटक असेल तर ते काम तुमच्यावर येतं.

बचतगटताई

तिकीट बायांकडे द्या, हिशोब सुटत नाही. तीन रंगांची तिकिटं: खुर्ची, गादी, जमीन. शंभराची पुस्तकं, छापील क्रमांक, डावीकडे अर्धुक (आपल्याकडे राहणारा अर्धा भाग). पुस्तक कोणाला दिलं त्याची सही घ्या, संध्याकाळी उरलेली पानं परत. अर्धुकं आणि पैसे जुळले नाहीत तर पुस्तक घेणारा भरेल, हे आधी सांगून ठेवा. झेरॉक्स तिकिटं येतात, म्हणून विक्रीच्या वेळी शिक्का मारू नका, फाटकावर आत सोडताना मारा आणि शिक्क्याचं चिन्ह दर नाटकाला बदला.

फाटक एकच ठेवलं तर काय होतं बघा: माणशी दहा सेकंद, हजार माणसांना पावणेतीन तास. तीन फाटकं ठेवली तर पाऊण-एक तास. एक फाटक फक्त बायांचं, तिथे बाईच उभी. खेळ सुरू झाला की तीनही फाटकं आतून बाहेर उघडी राहतील अशी ठेवा, दोरी-कुलूप लावू नका.

दुकानांना जागा चुन्यानं आखून क्रमांक द्या, आठ बाय आठ. भज्यांची कढई मंडपाच्या कापडापासून निदान वीस फूट. गॅसच्या टाक्या दुकानामागे उभ्या, आडव्या नाही. बायांच्या संडासाकडचा दिवा पहिल्यांदा लावा, मंचाचा नंतर.

मुरूममाती

शंकरपट त्याच आठवड्यात नको जी. २०१४ ची बंदी, मग राज्याचा २०१७ चा कायदा, आणि १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केल्यामुळे पट कायदेशीर आहेत, पण जिल्हा प्रशासनाची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि धावेची एक हजार मीटरची कमाल मर्यादा हे सगळं वेगळं काम आहे. त्याला वेगळी माणसं लागतात. शिवाय पटाच्या गाड्या आणि नाटकाच्या गाड्या एकाच रस्त्यावर, आणि रात्रभर साऊंड ऐकलेली जोडी सकाळी बुजते. पट महिनाभरानं घ्या, भारी धानही निघालेला असेल.

बांधीमालकाशी आणखी एक लिहून घ्या: मंडई संपल्यावर आठ दिवसांत मंच मोडून खालची माती आधी खड्ड्यात, वरून वेगळी ठेवलेली काळी माती. मग लेव्हल लावून सपाट. धानाच्या बांधीत चार इंचांचा फरक राहिला तरी रोवण्यात एकीकडे पाणी तुंबतं आणि दुसरीकडे रोवा वाळतो. खुंट्या, खिळे, ताडपत्रीच्या कड्या वेचायला शाळेच्या पोरांना लावू नका, मोठ्यांनी चुंबक ओढून वेचा. चिखलणीत बैलाच्या खुरात खिळा गेला तर पुढच्या वर्षी बांधी कोणी देणार नाही.

बांधीवरचा

दुसऱ्या आणि सहाव्या रात्रीच्या तारखा जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीशी पडताळून मगच वडशाला जातो. पट काढून टाकला. पोरायले राग आला आहे, पण ४५ ब्रासचा हिशोब पाहून गप्प झाले.